“मामू, और नीचे लेऊँ क्या?” : ड्रोनची उंची आणि वाटेतले अडथळे

गेल्या हिवाळ्यात भोकरला आमच्या घरचे लग्न होते. निकाह झाला, जेवणे सुरू झाली आणि मगरिबच्या थोडे आधी माझ्या भाच्याने पिशवीतून आपला छोटा ड्रोन काढला. भाचा बारावी झालेला, एका फोटो स्टुडिओत काम शिकतो. ड्रोन जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, पाव किलोपेक्षाही हलका. फंक्शन हॉलच्या अंगणात मुले जमली, मोठी माणसेही माना वर करून पाहू लागली. पडद्यावर हॉल, मांडव, शेजारची घरे छान दिसत होती. त्याच्या खांद्यामागे मी उभा होतो.

“मामू, और नीचे लेऊँ क्या?” त्याने विचारले.

“हौ, ले. बच्चे दिखना चाहिए,” मी म्हणालो.

ड्रोन खाली आला. रस्त्यावरच्या खांबापासून हॉलपर्यंत विजेची एक बारीक तार गेलेली होती. ती पडद्यावर दिसली नाही. त्याला दिसली नाही, मलाही दिसली नाही. ड्रोनची पाती तारेला लागली, ड्रोन कलंडला आणि सरळ मुलांमध्ये पडला. माझ्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलीच्या भुवईवर पाते लागले. दोन टाके पडले. जखम डोळ्यापासून बोटभर वर होती. अल्हम्दुलिल्लाह, डोळा वाचला.

त्या रात्री माझ्या बहिणीने ड्रोन कपाटात ठेवून कुलूप लावले. भाचा आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही. सगळे त्यालाच बोलत होते. “नीचे ले” असे सांगणारा मी होतो, हे मात्र कुणाच्या लक्षात नव्हते. माझ्या लक्षात होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, यंत्रांचे मला फारसे कळत नाही. पण चूक ज्याची, शिकण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणून मी बहिणीकडून किल्ली मागितली, भाच्याला बरोबर घेतले आणि आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे दार ठोठावले. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही जे शिकलो, ते इथे लिहीत आहे. आज आपल्या घराघरांत असा एखादा मुलगा आहे. कुणी लग्नाचे चित्रीकरण करतो, कुणाला फवारणीचा ड्रोन शिकायचा आहे. त्याला नुसते “नको” म्हणून भागणार नाही. काय पाहायचे ते त्याला आणि आपल्यालाही माहीत हवे.

पडद्यावरचा आकडा काय सांगतो?

ड्रोनच्या पडद्यावर उंचीचा आकडा येतो. ३० मीटर, ५० मीटर. आपण समजतो की ड्रोन खालच्या जमिनीपासून तेवढा वर आहे. ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक.

बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये उंची हवेच्या दाबावरून मोजतात. वर जाऊ तसा दाब कमी होतो. आपल्याकडच्या उंचीवर साधारण ८ मीटर वर गेले की दाब एक मिलिबारने उतरतो. ड्रोन जिथून उडाला तिथला दाब तो शून्य धरतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या शून्यापासून करतो. म्हणजे पडद्यावरचा आकडा उड्डाणाच्या जागेपासूनची उंची सांगतो. ड्रोनच्या खाली त्या क्षणी काय आहे, हे त्या आकड्याला ठाऊक नसते.

एक उदाहरण घ्या. मुलगा नदीच्या काठावरून ड्रोन उडवतो आणि समोरच्या टेकडीकडे नेतो. पडद्यावर ५० मीटर दिसत आहेत, तो निर्धास्त आहे. पण टेकडी काठापेक्षा ४० मीटर उंच आहे. तिच्या माथ्यावर ड्रोन जमिनीपासून फक्त १० मीटर वर राहिला. आणि माथ्यावर १० मीटरचे झाड असेल तर? भोकरहून किनवट-माहूरकडे जाताना रस्ता चढउतारांचा होतो, सागाची झाडे लागतात. तिथे हा हिशेब चुकला की ड्रोन गेलाच.

उलटेही होते. तीन मजली घराच्या गच्चीवरून उडवले तर गच्ची हेच शून्य. ड्रोन गल्लीत उतरवला की पडद्यावर वजा ९, वजा १० असे आकडे येतात. ते पाहून घाबरायचे नाही, पण समजून घ्यायचे. उडवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी उभा आहे ती जागा आणि ड्रोन जाणार आहे ती जागा, यांत उंच कोणती?

उंची मोजण्याचा जुना मार्ग

अडथळा किती उंच आहे हे कसे कळणार? गणिताच्या सरांनी आम्हाला शाळेच्या मैदानात नेले. हातात एक मीटरची पट्टी होती. पट्टी उन्हात सरळ उभी केली, तिची सावली मोजली. ८० सेंटीमीटर भरली. त्याच वेळी पाण्याच्या टाकीची सावली मोजली. ती १६ मीटर. आता १६ ला ०.८ ने भागा. टाकी २० मीटर उंच. दहावीच्या पुस्तकातले समरूप त्रिकोण ते हेच. भाचा म्हणाला, “सर, हे मी परीक्षेत लिहिले होते, पण कशासाठी ते आज कळले.”

ऊन नसेल तर दुसरी युक्ती आहे. चौरस कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, ४५ अंशांचा कोन मिळतो. कागदाची खालची बाजू जमिनीला समांतर धरून तिरक्या बाजूवरून टॉवरच्या टोकाकडे पाहायचे. टोक त्या रेषेत येईपर्यंत मागे-पुढे सरकायचे. टोक रेषेत आले की थांबायचे आणि तिथून टॉवरच्या पायथ्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजायचे. त्यात आपल्या डोळ्याची उंची, साधारण दीड मीटर, मिळवायची. २० मीटर अंतर आले तर उंची साडेएकवीस मीटर. जमीन सपाट असली म्हणजे झाले.

ही विद्या आपल्याला परकी नाही. अकराव्या शतकात अल-बैरूनी हिंदुस्थानात आला होता. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ त्याने एका डोंगराची उंची दोन वेगवेगळ्या जागांवरून कोन घेऊन काढली. मग डोंगरावर चढून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. डोंगरावर दोर न टाकता त्याची उंची सांगता येते, हे त्याने हजार वर्षांपूर्वी करून दाखवले. आपल्या मुलांना फक्त पाण्याची टाकी मोजायची आहे.

मोजायला वेळच नसेल तर काही अंदाज पाठ असावेत. घराचा एक मजला म्हणजे साधारण ३ मीटर. गल्लीतला विजेचा खांब ८ ते ९ मीटर. वाढलेला लिंब किंवा चिंच १५ ते २० मीटर. गावातला मोबाइलचा टॉवर बहुधा ३० ते ४५ मीटर. शेतातून जाणाऱ्या हायटेन्शन लाइनचे लोखंडी मनोरे २५ मीटरपासून पुढे, मोठ्या लाइनचे ५० मीटरपर्यंतही. मिनार आणि कळस प्रत्येक गावात वेगळे, ते मोजूनच घ्यावेत. अंदाज नेहमी जास्तीचा धरावा. जास्तीचा धरला तर चित्र थोडे लहान येईल, एवढेच नुकसान.

तार दिसत नाही, खांब दिसतो

आमच्या अपघाताचे मूळ इथे होते. विजेची तार बारीक असते. संध्याकाळच्या आकाशात ती माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, मग ड्रोनच्या कॅमेऱ्याला कुठून दिसणार? म्हणून तार शोधायची नाही, खांब शोधायचे. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असेच समजायचे. खांब आणि घर दिसले की दोघांमध्ये सर्व्हिस वायर आहे असे समजायचे. शेतात डीपी दिसली की तिथून विहिरीवरच्या मोटारीकडे तार गेलेली असणारच, आणि ती कधी कधी फार खाली लोंबते. खांबाला तिरकी ताणतार असते, मोबाइल टॉवरलाही कधी कधी असते. हायटेन्शन मनोऱ्याच्या अगदी टोकावरून आणखी एक बारीक तार जाते, ती खालच्या जाड तारांपेक्षा कमी दिसते.

अशी लाइन ओलांडायचीच असेल तर खांबाच्या किंवा मनोऱ्याच्या बरोबर वरून, भरपूर उंची ठेवून ओलांडावी. कारण तार दोन खांबांच्या मध्ये झोळ खाते, खांबाच्या वर जात नाही. आपल्याला जे दिसते ते टोक तिथेच असते. न ओलांडता काम होत असेल तर ते सर्वांत चांगले.

लग्नात आणि जलशात आणखी अडथळे येतात. पताकांच्या दोऱ्या, झेंड्यांच्या काठ्या, लाइटिंगच्या माळा, मांडवाचे बांबू. हे सगळे आदल्या रात्री बांधलेले असते, नकाशात कुठेच नसते. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा असतो. म्हणून उडवण्याआधी दहा मिनिटे पायी फिरायचे आणि मान वर करून पाहायचे. भाचा आता हे करतो. एका कागदावर हॉलचा चौकोन काढतो आणि खांब, झाड, तार यांवर फुल्या मारतो.

आणि ड्रोन तारेवर अडकलाच तर? बांबूने काढायचा नाही, दगड मारायचा नाही, कुणाला खांबावर चढवायचे नाही. महावितरणला १९१२ वर फोन करायचा आणि मुलांना लांब ठेवायचे. ड्रोन पुन्हा घेता येतो.

अंतर डोळ्यांना फसवते

ड्रोन झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे खालून सांगता येत नाही. आपले दोन डोळे एकमेकांपासून साडेसहा सेंटीमीटरवर आहेत. त्यांच्या जोरावर हातातला सुईचा दोरा ओवता येतो, पण शंभर मीटरवरचे अंतर नेमके कळत नाही. ड्रोन लांब गेला की तो आणि झाड एकाच कापडावर छापल्यासारखे दिसतात.

यावर उपाय ट्रकवाल्यांकडे आहे. ड्रायव्हर गाडी मागे घेतो तेव्हा क्लीनर बाजूला उभा राहून सांगतो, “येऊ द्या, येऊ द्या… बस!” ड्रोनलाही असा क्लीनर हवा. एक जण रिमोटवर, दुसरा बाजूला अडथळ्याजवळ उभा. त्याने पडद्याकडे मुळीच पाहायचे नाही, फक्त ड्रोनकडे पाहायचे. त्याने “बस” म्हटले की बोटे सोडायची. बहुतेक चांगल्या ड्रोनमध्ये बोटे सोडली की तो आहे तिथेच थांबून राहतो. लग्नाच्या दिवशी मी भाच्याच्या खांद्यामागे उभा राहून पडद्यात पाहत होतो. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो तर तार मला दिसली असती.

वेगाचाही हिशेब आहे. ड्रोन सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने जात असेल आणि मुलाला धोका कळून बोट हलायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ड्रोन १० मीटर पुढे गेलेला असतो. मग तो थांबायला आणखी काही मीटर घेतो. अंगणात, गल्लीत, झाडांजवळ माणसाच्या चालीइतका वेग पुरे. आणि क्रम ठरलेला हवा: आधी सरळ वर, मग आडवे, परत येताना आधी आडवे, डोक्यावरच्या मोकळ्या जागेत आणायचे, मग सरळ खाली. तिरके उतरणे हेच बहुतेक वेळा तारेत नेते.

सेन्सर आहेत, मग काळजी कशाला?

दुकानदार सांगतो, “याला सेन्सर आहे, हा आपटत नाही.” अर्धे खरे आहे. महागड्या ड्रोनमध्ये चारी बाजूंनी कॅमेरे असतात आणि समोर काही आले की तो थांबतो. स्वस्त ड्रोनमध्ये बहुधा फक्त खालच्या बाजूला सेन्सर असतो. काहींना पुढे आहे, बाजूला नाही. मग आडवा सरकताना तो आंधळाच. बारीक तार, पानगळ झालेल्या फांद्या, काच, पाण्याचा पृष्ठभाग, संधिप्रकाश आणि समोरून येणारे कडक ऊन, इतक्या ठिकाणी चांगले सेन्सरही फसतात. अनेक ड्रोनमध्ये जलद उडण्याची पद्धत निवडली की अडथळा टाळणारी यंत्रणा बंदच होते. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असते. ती इंग्रजीत असते म्हणून कुणी वाचत नाही. घरातल्या शिकलेल्या माणसाने बसून ती मुलाला समजावून द्यावी.

आणखी एक सोय म्हणजे आपोआप परत येणे. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर जातो, सरळ रेषेत घराकडे येतो आणि उडाला तिथे उतरतो. सोय चांगली आहे, पण ती उंची आपण ठरवायची असते. समजा ती २० मीटर ठेवली आहे आणि ड्रोन व आपल्यामध्ये ३६ मीटरचा टॉवर आहे. ड्रोन शहाण्या मुलासारखा सांगितलेल्या वाटेने येईल आणि टॉवरवर आदळेल. म्हणून परिसरातली सर्वांत उंच वस्तू घ्या, त्यात किमान १५ मीटर मिळवा. ३६ आणि १५ म्हणजे ५१, तर ५५ ठेवा. जागा बदलली की आकडा बदला. आणि झाडाखाली किंवा मांडवाच्या कडेला उभे राहून ड्रोन सोडू नका. वर जाताना आणि परत उतरताना तो तिथेच अडकेल.

हवा, ऊन आणि घारी

जमिनीवर पान हलत नसले तरी वर वारा असू शकतो. जाताना वारा पाठीशी असेल तर ड्रोन झपाट्याने जातो, येताना तोच वारा तोंडावर घेऊन बॅटरी संपते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, येताना तो मदत करेल. आपल्याकडे लग्नांचा मोठा हंगाम उन्हाळ्यात असतो. अनेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत ४० अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते, आणि नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा तिच्या वर जातो. भर दुपारी उडवू नये. वावटळ दिसली तर ताबडतोब उतरवावा. घार मागे लागली तर खाली पळण्यापेक्षा सरळ वर जावे असे जाणकार सांगतात, कारण तिला सरळ वर चढणे जड जाते.

१२० मीटरची रेषा

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला ते जाहीर झाले. त्यात आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले आहेत. हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. त्याहून जवळ किंवा त्याहून वर जायचे तर परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. कोणती जागा कोणत्या रंगात आहे ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसते.

भोकर नांदेडच्या विमानतळापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो पट्टा आपल्याला लागत नाही. पण बारात नांदेडला गेली की लागतो. वाटेत मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा जागांच्या आसपास नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढूही नये. पोलीस कधी कधी सणावाराला किंवा मोठ्या दौऱ्याच्या वेळी तात्पुरती बंदी घालतात, तीही विचारून घ्यावी.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोसाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोसाठी हौस म्हणून उडवताना लागत नाही, पण पैसे घेऊन चित्रीकरण करायचे तर लागते. ते मिळवायला वय किमान १८ आणि दहावी पास असावे लागते, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते. एकदा मिळाले की ते १० वर्षे चालते. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे.

कागदपत्रांबद्दल आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावेच्या गावे जागी राहिली. चोर टेहळणी करतात अशी अफवा पसरली, विषय विधिमंडळापर्यंत गेला. अशा वातावरणात आपला एखादा पोरगा हौसेने रात्री ड्रोन उडवतो आणि लोक काठ्या घेऊन धावतात. तो समजावत बसेपर्यंत उशीर होतो. म्हणून रात्री उडवू नये, दिवसाही आसपासच्या दोन घरांना आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगावे, नोंदणीचा कागद खिशात असावा. सांगून केलेल्या कामात संशयाला जागा राहत नाही.

गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाया, अंगणात बसलेली कुटुंबे, लग्नातला जनाना भाग, यांच्यावर कॅमेरा नेऊ नये. दुसऱ्याच्या दारात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हे आपण लहानपणापासून शिकतो. दार वरून असले तरी दारच असते.

डोक्यावरून नको

१० मीटरवरून पडलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, जमिनीवर येईपर्यंत ताशी ५० किलोमीटरचा वेग घेते. ३० मीटरवरून ८७. पाव किलोचा ड्रोनही त्या वेगाने डोक्यावर आला तर काय होईल ते सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये इटलीत बर्फावरच्या स्पर्धेत ऑस्ट्रियाचा खेळाडू मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या अगदी मागे कोसळला. क्षणभराच्या फरकाने तो वाचला. तो ड्रोन चालवणारा नवखा पोरगा नव्हता, स्पर्धेचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांचा होता. ईदगाहवर, मिरवणुकीवर, वलीम्याच्या पंगतीवर ड्रोन नेऊ नये. कडेला ठेवून तिरका कॅमेरा केला तरी सगळे दिसते.

पुढची वाट

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग ड्रोन नकोच. मी तसे म्हणत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेतून तेच काम सुरू झाले. घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या आणि वरून चित्र घ्यायचे. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा कागद नव्हता त्यांना मालमत्ता पत्रक मिळू लागले.

शेतीत तर काम वाढतच आहे. १० लिटरच्या टाकीचा ड्रोन एक एकर दहा मिनिटांच्या आत फवारतो, आणि फवारणाऱ्याच्या पाठीवर औषधाचा पंप राहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने अशा फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली. तिथे उंचीचा प्रश्न आणखी नाजूक असतो. पिकाच्या दोन-तीन मीटर वरूनच उडायचे असते. फार वर गेला तर औषध वाऱ्यावर शेजाऱ्याच्या रानात जाते, फार खाली आला तर पात्यांच्या हवेने पीक झोपते. बांधावरची बाभूळ, मोटारीची तार, विहिरीचा कठडा, सगळे त्याच उंचीवर. म्हणून आधी शेत पायी फिरणे इथे सक्तीचेच समजावे. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान ठरवले होते. आपल्या वस्तीतल्या दहावी झालेल्या मुली-सुना गटात असतील तर त्यांनी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

नवव्या शतकात कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास याने अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून उडी घेतली. सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी लिहितो की तो काही अंतर उडाला, पण उतरताना पाठीला मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्याने ध्यानात घेतले नव्हते. आज चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. गणिताच्या सरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, “म्हणजे उतरतानाच गडबड झाली, माझ्यासारखी.”

मागच्या महिन्यात बहिणीने कपाटाचे कुलूप काढले. तिने अटी घातल्या आणि भाच्याने त्या वहीत लिहून घेतल्या. ती वही स्टुडिओत ठेवलेली आहे:

१. उडवण्याआधी दहा मिनिटे पायी फिरणे, खांब-झाडे-तारा कागदावर मांडणे.
२. सर्वांत उंच वस्तू मोजणे, परतीची उंची तिच्यापेक्षा १५ मीटर जास्त ठेवणे.
३. १२० मीटरच्या वर कधीही नाही. नकाशा पाहिल्याशिवाय उड्डाण नाही.
४. दुसरा माणूस बाजूला उभा, नजर ड्रोनवर.
५. मुलांना आणि गर्दीला लांब. डोक्यावरून उडवायचे नाही.
६. संध्याकाळ झाली, वारा सुटला किंवा मन घाबरले तर बंद.
७. मागून कुणी “और नीचे” म्हटले तरी ऐकायचे नाही, मामूने म्हटले तरी.

सातवी अट बहिणीने माझ्याकडे बघून सांगितली. पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर भाच्याने ड्रोन पुन्हा उडवला. पुतणीही आली होती. भुवईवर बारीक पांढरी रेघ राहिली आहे. ती माझा हात धरून बरीच लांब उभी राहिली, आणि ड्रोन उतरून पाती थांबेपर्यंत तिने तो सोडला नाही.